घरापासून गोठ्यापर्यंत केबल: तांबं घेऊ की ॲल्युमिनियम, किती एमएम, आणि जमिनीतून नेऊ की वरून?

दावण
नमस्कार मंडळी. गाव पाटण तालुक्यात. जुना गोठा घराला चिकटूनच होता, तो पाडला आणि ओढ्याच्या अंगाला नवा बांधलाय. सहा म्हशी, दोन गाई, एक कालवड. पत्र्याचं शेड, लोखंडी पाईपचे खांब, खाली कोबा. आता तिथं लाईट न्यायचीय. कडबाकुट्टी आहे, धार काढायचं मशीन आहे, पाण्याची छोटी मोटर, चार पंखे आणि एलईडीच्या ट्यूबा. घरात सिंगल फेज आहे.
वायरमन म्हणतो अडीच एमएमची (तारेची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये) फ्लॅट केबल टाकू, बोअरच्या मोटरला असते ती, पीव्हीसी पाईपातून, एका दिवसात काम संपतंय. चुलतभाऊ म्हणतो चारची टाक. तालुक्याच्या दुकानात गेलो तर तो म्हणाला सहा एमएम तांब्याची आर्मर्ड, म्हणजे वर धातूचं चिलखत असलेली, न्या. तिघांनी तीन आकडे सांगितले पण हाच आकडा का, ते कुणीच सांगितलं नाही. पैसे एकदाच घालायचेत आणि जनावरं बांधलेली असतात, म्हणून विचारतोय. अंतर साधारण १८० फूट.

माळरान
दादा जमिनीतून कशाला नेताय, वरून न्या. दोन खांब उभे करा, जीआय तार ताणा आणि तिला सर्व्हिस वायर बांधून घ्या. आमच्या अंबाजोगाईकडे सगळे असंच करतात. काही बिघडलं तर डोळ्याला दिसतं, जमिनीत काय झालं ते कुणाला कळतंय?

ऊसपट्टा
वरून नेलेली आमची वायर कडब्याच्या ट्रॉलीनं ओढून नेली होती. ड्रायव्हरला पत्ताच नाही, वायर पेंढ्यात अडकली आणि खांब वाकला. नशीब की फ्यूज उडाला. गोठ्याकडं वैरणीची गाडी येणारच की.

तारतंत्र
दावण, तुमच्या तिन्ही सल्लागारांनी आकडा सांगितला खरा, पण त्याआधी जे विचारायचं ते एकानेही विचारलं नाही. मी ३० वर्षं वायरमन ट्रेडच्या पोरांना शिकवलं, त्यामुळे आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या.
टेप घेऊन मोजा. नुसतं घर ते गोठा नको, केबल जाईल त्या वाटेनं, म्हणजे मीटरच्या बोर्डापासून खाली, चरातून, वळणं धरून, गोठ्यात वर बोर्डापर्यंत. कुट्टीच्या मोटरवरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते बघा, एचपी आणि अँपिअर दोन्ही. संध्याकाळी सात वाजता घरात व्होल्टेज किती असतं ते मीटर लावून बघा. आणि कुट्टी, धार काढायचं मशीन, पाणी यातलं एका वेळी काय काय चालतं?

दावण
सर, आज सगळं मोजलं. वाटेनं मोजलं तर ७५ मीटर भरलं! १८० फूट म्हणजे ५५ मीटर समजून बसलो होतो. कुट्टीची मोटर २ एचपी, पट्टीवर १२ अँपिअर. मशीन १ एचपी. संध्याकाळी व्होल्टेज २०० ते २०५, सकाळी २२५ च्या पुढं. कुट्टी आणि मशीन एका वेळी चालवत नाही, कुट्टीच्या वेळी पंखे-ट्यूबा चालू असतात. म्हणजे फार तर १५ अँपिअर धरा.

तारतंत्र
छान मोजलंत. आता गणित करू, सोपं आहे.
वीज जाते ७५ मीटर आणि परत येते ७५ मीटर, म्हणून तारेची लांबी १५० मीटर धरायची. इथंच बहुतेकांचं चुकतं, ते एकेरी धरतात. तांब्याच्या अडीच एमएमचा रोध एक किलोमीटरला ७.४१ ओहम, चारचा ४.६१, सहाचा ३.०८. ॲल्युमिनियमच्या १० चा पण ३.०८ च, आणि १६ चा १.९१. म्हणजे ॲल्युमिनियमचं १० हे तांब्याच्या ६ च्या बरोबरीचं, एवढं ध्यानात ठेवलं तरी दुकानात फसत नाही.
तुमच्या १५ अँपिअरला अडीच एमएममध्ये जवळपास १७ व्होल्ट वाटेतच जातात. चारमध्ये १० च्या वर, तांब्याच्या सहात किंवा ॲल्युमिनियमच्या दहात ७, ॲल्युमिनियमच्या सोळात ४ पेक्षा थोडं जास्त. तुम्ही म्हणाल १७ व्होल्टनं काय होतंय, ट्यूब तर लागेल. ट्यूब लागेलच. पण कुट्टी सुरू होताना १२ अँपिअर घेत नाही, त्याच्या पाच-सहा पट घेते. ६० धरा. अडीच एमएममध्ये त्या क्षणाला ६६ व्होल्ट वाटेत जातात. संध्याकाळी घरातच २०० असताना मोटरपाशी उरतात १३४. आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं कमी होतो, १३४ व्होल्टला तिचा जोर उरतो तिजाईवर. मग ती नुसती घुमते, फिरत नाही, आणि वाइंडिंग तापतं. लोक म्हणतात मोटर खराब लागली. मोटरचा दोष नसतो, वायर बारीक असते.
(व्होल्टेज पडलं की करंटही थोडा कमी होतो, त्यामुळे हे आकडे जरा कडक बाजूला आहेत, पण दिशा हीच.)
तुमच्यासाठी माझं मत ॲल्युमिनियम १६ एमएम आर्मर्ड. सुरुवातीच्या ६० अँपिअरला १७ व्होल्ट जातात, मोटर उठते.

काळीआई
एवढी जाड केबल घेण्यापेक्षा गोठ्यात एक स्टॅबिलायझर बसवला तर? आमच्याकडे टीव्हीला आहे, मस्त चालतो.

तारतंत्र
काळीआई, मोटरला तो उपाय उलटा पडतो. स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवून देतो, पण त्यासाठी पलीकडून जास्त करंट ओढतो, तो करंट त्याच बारीक केबलमधून येतो, आणि केबलमधली घट आणखी वाढते. घरातच व्होल्टेज कमी असेल तर मीटरपाशी बसवण्यात अर्थ आहे. केबलच्या शेवटाला नको.

पिकलंपान
माझा एक बिनखर्चाचा सल्ला. कुट्टी घराजवळच ठेवा, वैरण कापून ढकलगाडीनं न्या. मग गोठ्यात लोड उरतो किती? चार एमएम पण चालेल.

दावण
काका, विचार केला होता. पण वैरणीची गंजी गोठ्याच्या पलीकडं आहे, कापायला घरी आणायची आणि कापून परत न्यायची, दिवसातून दोनदा. आणि कुट्टीचा फुफाटा घरात येतो, आईला दमा आहे. कुट्टी तिकडंच हवी.

जांभा
आम्ही कणकवलीकडचे. १६ एमएम बरोबर, पण चर किती खोल मारणार ते पण ठरवा. आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा लागतो, पहार वाजते नुसती. मी आमच्या कलमांच्या बागेतल्या खोलीसाठी केबल नेली तेव्हा गडी दोन दिवसांत कंटाळून गेले, शेवटी ब्रेकरवाला बोलावला. पाटणला माती असेल तर अडीच फूट माराच, हात आखडू नका.

तारतंत्र
हो. आयएस १२५५ (आयएस म्हणजे भारतीय मानक) नुसार या व्होल्टेजच्या केबलला पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट. वाटेत नांगर चालत असेल तर तेवढ्या पट्ट्यात एक मीटर करा. खाली वाळूचा थर, त्यावर केबल, वर पुन्हा वाळू, वाळूवर विटा आडव्या लावायच्या आणि मग माती. विटा अशासाठी की पुढं दहा वर्षांनी कुणी खणायला आला तर कुदळ आधी विटेला लागते आणि माणूस थांबतो. घराच्या कोपऱ्यापासून चर किती फुटांवर आहे ते मोजून फोटो काढून ठेवा.

ऊसपट्टा
आता माझी गोष्ट ऐका, म्हणजे फ्लॅट केबल का नको ते कळेल.
आमच्या जुन्या गोठ्याला मोटरची फ्लॅट केबल होती, पीव्हीसी पाईपातून, फूटभर खोल. तीन वर्षं बिनघोर चालली. चौथ्या पावसाळ्यात एक म्हैस गव्हाणीजवळ जाईना. पेंड घातली की मान लांब करायची, जीभ लावायची आणि चटकन मागं सरायची. दूध निम्म्यावर आलं. डॉक्टरला दाखवलं, जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. मग एक दिवस बायको अनवाणी धार काढायला बसली आणि म्हणाली अहो पाईपला हात लावला की झिणझिण्या येतात. मी पायात बूट घालून लावला तर मला काहीच नाही! टेस्टर लावला तर मिणमिण पेटला.
चर उकरला. पाईपाचा एक सांधा सुटला होता, त्यातून घूस आत शिरलेली. केबलचं काळं आवरण दोन बोटं रुंद कुरतडलेलं, दातांच्या बारीक समांतर रेघा अजून दिसत होत्या, आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं. आणि त्याच्या पुढं हातभर अंतरावर एक जोड निघाला, नुसती काळी टेप गुंडाळलेली. तो जोड आहे हे मला कुणी सांगितलं पण नव्हतं. सगळं पाण्यात बुडलेलं. ती ओल गोठ्याच्या खांबापर्यंत पोचलेली.
दुसऱ्या दिवशी आर्मर्ड घेऊन आलो. म्हशीला गव्हाणीवर यायला मात्र आठवडा लागला, जनावर विसरत नाही.

धारोष्ण
ऊसपट्टा दादा, वाचून अंगावर काटा आला. आमच्या आळीत असाच एक बैल गेला, पावसात खांबाला टेकला आणि बसला तो उठला नाही. जनावराचे पुढचे पाय आणि मागचे पाय किती लांब असतात, जमिनीत करंट उतरला की त्याच्या अंगातून जातो, आणि त्याला चप्पल पण नसते. आपल्याला झिणझिण्या येतात तेवढ्यात त्यांना किती लागत असेल.
मी रोज पहाटे चारला गोठ्यात असते म्हणून बोलते, केबलचं गणित तुम्ही सर मंडळी करताय ते बरोबर, पण बटणं कुठं बसवणार ते विचारलंय का कुणी? वायरमन हमखास गव्हाणीच्या वरच बोर्ड ठोकतो, वायर कमी लागते म्हणून. धुताना पाईपचं पाणी थेट बोर्डावर. आमचे हात ओले असतात, पायाखाली ओलं असतं. बोर्ड दाराच्या बाहेर कोरड्या भिंतीवर घ्या, माझ्या खांद्याच्या उंचीला, झाकणाचा. आणि कुट्टीचं बटण कुट्टीत वैरण सारणाऱ्याच्या हाताला लागेल असं पाहिजे, हात अडकला तर दारापर्यंत कोण पळणार?

दावण
ताई, हे लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडं धार आई आणि बायको काढतात. बोर्ड बाहेरच घेतो. कुट्टीला वेगळं लाल बटण कुट्टीच्या खांबावर.

माळरान
मान्य आहे, गोठ्याला जमिनीखालून बरी. पण वरून नेण्याला सरसकट नाव ठेवू नका, आमच्याकडे काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात आत जातो, पाईपाचे सांधे ओढून निघतात. वरून नेताना गाडीवाटेवर उंची नीट ठेवली तर ट्रॉली लागत नाही.

तारतंत्र
माळरान यांचं काळ्या मातीबद्दलचं म्हणणं खरं आहे. तिथं केबल चरात ताणून टाकायची नाही, थोडी नागमोडी टाकायची आणि दोन्ही टोकांना एक-एक वेटोळं ठेवायचं, म्हणजे माती ओढली तरी केबलला ताण येत नाही. वरून नेलीत तर रस्ता ओलांडताना ५.८ मीटर उंची धरा, आणि वाऱ्यात हेलकावून पत्र्याच्या कडेला घासत नाही ना ते बघा.

कोरडवाहू
तांब्याची का नको? तांबं ते तांबं. आमचे आजोबा म्हणायचे स्वस्त ते...

ऊसपट्टा
कोरडवाहू भाऊ, नदीकाठच्या मोटारींच्या केबली का कापून नेतात चोर? तांब्यासाठीच. आमच्या शिवारात एका रात्रीत चार जणांच्या गेल्या. ॲल्युमिनियमला कुणी हात लावत नाही.

तारतंत्र
तांबं चांगलंच, वाद नाही. बारीक जाडीत जास्त वीज नेतं, वाकवायला सोपं, जोडाला त्रास देत नाही. पण ७५ मीटर जमिनीत पुरायची, एकदा टाकली की हलवायची नाही, तिथं ॲल्युमिनियमचं १६ तांब्याच्या ६ पेक्षा कमी रोधाचं मिळतं आणि खिशालाही झेपतं. अट एकच, टोकं नीट करायची. ॲल्युमिनियमवर हवेनं लगेच ऑक्साइडचा थर धरतो, तो वीज नीट जाऊ देत नाही. म्हणून तार घासून, पेस्ट लावून, ॲल्युमिनियमचा लग, म्हणजे टोकाला बसणारी धातूची टोपी, क्रिंपिंगच्या (दाबून बसवायच्या) हत्यारानं दाबायचा, हातोडीनं नाही. आणि जिथं तांब्याशी जोड येतो तिथं दोन्ही धातूंचा बायमेटल लग. टोक सैल राहिलं तर तापतं, पहिली आग तिथंच लागते.
केबलवर छापलेलं वाचायला शिका. आयएस १५५४ म्हणजे पीव्हीसीची, आयएस ७०९८ म्हणजे एक्सएलपीईची, हे दोन आतल्या आवरणाच्या प्लास्टिकचे प्रकार. एवायएफवाय असं लिहिलं असेल तर पहिला ए ॲल्युमिनियमचा, एफ म्हणजे चपट्या पट्टीचं चिलखत. एफच्या जागी डब्ल्यू असेल तर गोल तारांचं. तांब्याला सुरुवातीला अक्षरच नसतं. आणि आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात, पहिला आणि शेवटचा बघून वजाबाकी करा, दुकानात दोरीनं मोजून घ्यायची गरज नाही.

दूरदेशी
मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, मागच्या अंगणातल्या वर्कशॉपसाठी इथंही हेच केलं, तारेचं चिलखत असलेली केबल जमिनीतून. इथला नियम लाइटसाठी ३ टक्के आणि बाकीला ५ टक्क्यांपर्यंत व्होल्टेज घट चालते असा. दावण यांच्या २३० व्होल्टला ५ टक्के म्हणजे साडेअकरा, त्या हिशोबानं अडीच एमएम नापास होते आणि चार जेमतेम पास. एक विचारू का, अर्थिंगबद्दल अजून कुणीच बोललं नाही? इथं इलेक्ट्रिशियननं पहिला प्रश्न तोच विचारला होता.

जांभा
दूरदेशी, इथं अर्थिंग म्हणजे बोर्डातली हिरवी वायर खिळ्याला गुंडाळायची आणि खिळा भिंतीत ठोकायचा, असं करणारे मी बघितलेत. घरमालकाला वाटतं अर्थिंग झालं.

तारतंत्र
दूरदेशी यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं, आणि केबलपेक्षा हे मोठं आहे म्हणून सविस्तर लिहितो.
आपल्याकडं खांबावरून घरी दोन तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ आपलं आपण जमिनीत करायचं. समजा गोठ्यात चांगलं अर्थिंग केलं आणि त्याचा रोध २० ओहम आला. कुट्टीच्या बॉडीला फेज लागला तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. तुमचा १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण, साडेअकराला पडेल का? कधीच नाही. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरी कुट्टीची बॉडी, खांब, गव्हाण सगळं जिवंत राहणार आणि कुणाला कळणार पण नाही. म्हणून आरसीसीबी पाहिजेच. तो गेलेला करंट आणि परत आलेला करंट यातला फरक बघतो, ३० मिलीअँपिअरचा फरक दिसला की तोडतो. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी जीव वाचवतो.
गोठ्याच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा, आणि घरी जिथून केबल निघते तिथं १०० मिलीअँपिअरचा, थोडा वेळ लावून पडणारा, म्हणजे गोठ्यात काही झालं तर गोठाच बंद होतो, घर नाही, आणि केबलला मधे कुठं कुदळ लागली तर घरचा तोडतो.

ऊसपट्टा
सर, घरचं अर्थ केबलमधून गोठ्यात न्यायचं की गोठ्याला वेगळं करायचं? आमच्या वायरमननं दोन्ही एकत्र केलं.

मेगर_वाला
मी सबस्टेशनला काम केलंय, माझं मत वेगळं आहे सर. सगळे अर्थ एकत्रच असावेत. वेगवेगळे ठेवले की दोन अर्थांमध्ये व्होल्टेजचा फरक येतो.

तारतंत्र
मेगर_वाला, सबस्टेशनमध्ये तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, तिथं जमिनीखाली जाळी असते आणि सगळं तिलाच बांधलेलं असतं. इथं घर आणि गोठा ७५ मीटर लांब, मधे मोकळी जमीन. घरात गिझरमधून करंट लीक झाला आणि घरचं अर्थ गोठ्यापर्यंत नेलेलं असलं तर ते व्होल्टेज गव्हाणीवर येतं, जनावराला फुकटचा शॉक. म्हणून मी गोठ्याला वेगळं अर्थ करायला सांगतो, आणि केबलचं चिलखत फक्त घराच्या टोकाला अर्थ करून गोठ्याकडं प्लास्टिकच्या डब्यात सोडायचं, लोखंडाला टेकू द्यायचं नाही. आणि गोठ्याच्या आत मात्र तुमचाच नियम लावायचा: गव्हाणीचे पाईप, खांब, पाण्याचा नळ, कुट्टीची बॉडी, सगळं जीआय पट्टीनं एकमेकांना आणि गोठ्याच्या अर्थाला जोडायचं. म्हणजे जनावराचं तोंड जिथं लागतं आणि पाय जिथं असतात त्यात फरक राहत नाही. कोब्यात सळयांची जाळी असेल तर तीसुद्धा.

मेगर_वाला
कोब्यातली जाळी जोडायचं सुचलं नव्हतं, ते पटलं. पण घराच्या बोर्डात जर आधीच आरसीसीबी असेल तर घरचं अर्थ नेल्यानं धोका राहत नाही, हे तरी मान्य करा.

तारतंत्र
मान्य, असेल आणि चालू असेल तर. किती घरांत तो वारंवार पडतो म्हणून मधून वायर मारून बायपास केलेला असतो ते तुम्हालाही माहीत आहे.

काळीआई
दावण दादा, तुमच्या कोब्यात जाळी आहे का?

दावण
आहे, कोबा अजून निम्माच झालाय! नशीब आत्ता विचारलं. एक सळई वर काढून ठेवतो.

पिकलंपान
विषय जरा सोडून विचारतो. माझा शेड शेतात आहे, तिथं शेतीपंपाचं मीटर आहेच. त्यावरूनच शेडला दिली तर?

मेगर_वाला
काका, नको. शेतीपंपाचा दर पंपासाठीच आहे. कुक्कुटपालन, पशुपालन वगैरेला महावितरणचा शेती-इतर म्हणून वेगळा दर आहे, त्यात अर्ज करा. आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून शेतीसाठी निघणाऱ्या लाईनला, बऱ्याच ठिकाणी थ्री फेज दिवसाला आठेक तासच असते, तेही आठवड्याला बदलतं, कधी दिवसा कधी रात्री. पहाटे धार काढायला लाइट पाहिजे तेव्हा नसणार. गावठाण फीडरवरून मिळत असेल तर तीच घ्या.

माळरान
आणि एक, कृपा करून कुणी फेज एक आणि दुसरी तार जमिनीत खोचून बल्ब लावू नका. आमच्याकडे सर्रास करतात, न्यूट्रल गेला की. त्या खुंटीच्या आजूबाजूची जमीन ओली असली की तिथं पाय ठेवणाऱ्याचं काय होईल?

जांभा
अर्थिंगबद्दल कोकणातल्यांसाठी: जांभ्यात उन्हाळ्यात अर्थ कोरडं पडतं. माझं एका पाईपनं नीट येईना, शेवटी अडीच मीटरचे दोन पाईप लांब लांब पुरून पट्टीनं जोडले आणि न्हाणीघराचं पाणी तिकडं वळवलं. चैत्रात पण ओल राहते.

दावण
मंडळी, ठरलं. ॲल्युमिनियम १६ एमएम, चार कोअरची, म्हणजे आत चार तारा असलेली, घेतोय. दोन कोअर आत्ता वापरायच्या, दोन पुढं थ्री फेज मिळालं तर. वायरमनला हा धागा वाचून दाखवला, आधी जरा रागावला, मग म्हणाला चिलखत एका बाजूला सोडायचं हे मी कधी केलं नव्हतं, सरांचा नंबर मिळेल का.

तारतंत्र
नंबर नको, इथंच विचारा म्हणावं, सगळ्यांच्या उपयोगी पडेल. वापरत नसलेल्या दोन कोअरची टोकं मोकळी सोडू नका, बंद करून ठेवा. केबल चरात टाकल्यावर आणि माती ओढायच्या आधी मेगर (आवरणातून वीज झिरपत नाही ना ते तपासायचं यंत्र) लावून घ्या, कोअर-कोअरमध्ये आणि कोअर-चिलखतामध्ये. माती लोटल्यावर पुन्हा एकदा. पहिल्यात चांगलं आलं आणि दुसऱ्यात पडलं तर दगड लागलाय.

दावण
पावसाळा गेला, म्हणून सांगायला आलो. जेसीबी न लावता गड्यांकडूनच चर मारला, अडीच फूट, शेवटचे दहा मीटर जिथं भाजीचा वाफा आहे तिथं तीन फूट तीन इंच. मेगर दोन्ही वेळा चांगला आला. काल संध्याकाळी धाकटा भाऊ घरच्या बोर्डापाशी मीटर लावून आणि मी गोठ्यात, फोन चालू ठेवून आकडे बघितले. कुट्टी फिरताना घरात २११ आणि गोठ्यात २०७. सुरू होताना ट्यूबा एकदा डोळा मारतात आणि कुट्टी उठते, घुमत नाही.
एक गोष्ट मात्र झाली. श्रावणात आरसीसीबी रोज रात्री पडायचा. वायरमन म्हणाला पावसात असं होतंच, काढून टाकू. मी नाही म्हणालो. एक एक लाइन सोडवत गेलो तर शेवटच्या पंख्यावर आला. तो जुन्या गोठ्यातला, कपॅसिटरच्या डब्यात पाकोळीनं घरटं केलेलं, गवत भिजून बॉडीला लागलेलं. डबा उघडला तर आतला स्क्रू गंजून लाल झालेला आणि गवताची एक काडी जळून काळी. त्याच पंख्याच्या दांडीला पोरगं लोंबकळायचं. पंखा फेकला, त्यानंतर एकदाही पडला नाही. आता दर महिन्याच्या एक तारखेला टेस्टचं बटण दाबून बघतो.

धारोष्ण
पोराचं वाचून काळजाचं पाणी झालं. बरं केलंत काढू दिला नाही. बोर्ड कुठं घेतला शेवटी?

दावण
दाराबाहेर, पागोळीच्या आत, आईच्या खांद्याला लावून उंची घेतली. आणि सगळ्या म्हशी पहिल्या दिवसापासून गव्हाणीवर.

कोरडवाहू
सर, माझा पोल्ट्रीचा शेड आहे घरापासून १४० मीटर, थ्री फेज मिळतंय, तीन मोठे पंखे आणि ५ एचपीची मोटर. मला पण १६ चालेल का?

तारतंत्र
आधी टेपनं मोजा, वाटेनं. मोटरच्या पट्टीचा फोटो टाका आणि संध्याकाळचं व्होल्टेज तिन्ही फेजचं वेगवेगळं लिहा. मग बघू.